पाहुण्यांना टाऊन हॉलही दाखवा

महोदय,

कोल्हापुरात पाहुणे आले की आपला कार्यक्रम ठरलेला असतो: अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर भेळ, चप्पल लाइनमध्ये खरेदी आणि वेळ उरलाच तर पन्हाळा. टाऊन हॉल त्यात नसतो. तिथल्या बागेत आपण बसतो, झाडांना लटकलेली वटवाघळं पोरांना दाखवतो. समोरच्या सीपीआर रुग्णालयात कुणी दाखल असेल, तर डबाही तिथंच खातो. पण पायऱ्या चढून आतल्या संग्रहालयात जाणारे थोडेच. मी परवा नातवंडांना घेऊन गेले, म्हणून हे पत्र.

इमारत १८७२ ते १८७६ या काळातली, मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याची. पुढे न्यू पॅलेसही त्यांनीच आखला. टोकदार कमानींची ही गॉथिक वास्तू सभा-समारंभांसाठी बांधली होती. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत निघालेल्या जुन्या वस्तूंसाठी १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि नंतर ते इथं आलं.

त्या वस्तूंतली एक तरी बघायलाच हवी. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती, उंची वीतभरही नाही. समुद्र कुठं, पंचगंगा कुठं! सातवाहनांच्या काळात रोमन जगाचा माल गलबतांतून कोकण किनाऱ्यावर उतरायचा आणि घाट चढून देशावर यायचा. त्याच व्यापारातून हा देव आपल्या गावात पोचला. १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचं रीतसर उत्खनन केलं, तेव्हा त्या काळची नांदती वस्तीच उजेडात आली. माझ्या नातवाला मात्र देवापेक्षा ब्राँझचा हत्ती आणि त्यावरचे स्वार जास्त आवडले. ते खरंच सुरेख आहेत, आणि तेही ब्रह्मपुरीचेच.

चित्रांचं दालन घाईत पाहू नये. आबालाल रहमान यांच्या निसर्गचित्रांसमोर जरा थांबावं लागतं. शस्त्रांच्या कपाटांपुढं नेहमीच गर्दी असते, त्यांची शिफारस मी वेगळी करत नाही.

सुचवायचं आहे ते एवढंच. टाऊन हॉलपासून ब्रह्मपुरी पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. शाळांनी सहलीसाठी लांबच्या गाड्या ठरवण्याआधी एक सकाळ या दोन ठिकाणांना द्यावी. आधी टेकडी, मग मूर्ती, याच क्रमानं. सातवाहनांचा धडा वर्गात शिकवायचाच असतो, तो पंचगंगेच्या काठावर उभं राहून शिकवला तर काय बिघडेल? आणि मूर्तीशेजारी रोमपासून कोल्हापूरपर्यंतच्या वाटेचा मोठा, मराठी नकाशा असावा. तो काढायला आपल्याच कलाशाळांतली मुलं आनंदानं तयार होतील.

आपली,
एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर