तवंदी घाटातील अपघाताचा दावा: अखेरची लेखी तक्रार

प्रति,
प्रमुख, मोटार दावे विभाग

विषय: ट्रक अपघातातील तृतीय पक्ष नुकसानभरपाई पाच महिने रखडवल्याबाबत

महोदय,

काल दुपारी तुमच्या दावे विभागातून आलेला फोन मी ऐकून घेतलेला शेवटचा फोन होता. यापुढे जे बोलायचे ते कागदावर बोलू, म्हणून हे पत्र पोचपावतीसह पाठवत आहे.

गेल्या नोव्हेंबरात एका पहाटे मी बेळगावच्या मार्केट यार्डात बटाटा भरून मालकाची गाडी घेऊन कोल्हापूरला निघालो होतो. तवंदी घाट मी खालच्या गिअरमध्ये उतरत होतो आणि माझ्यापुढे एक टँकर होता. तुमच्याकडे विमा असलेला ट्रक डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये, म्हणजे गिअर काढून, सोडलेला होता. उतारावर त्याचे ब्रेक तापून निकामी झाले आणि त्याने मागून धडक देऊन माझी गाडी टँकरवर दाबली. केबिन चेपून माझा उजवा पाय आत अडकला आणि तासाभराने गॅस कटरने पत्रा कापून मला बाहेर काढावे लागले. न्यूट्रलची गोष्ट त्या गाडीच्या क्लीनरनेच जबाबात सांगितली आहे. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 आणि 125 खाली त्या चालकावर गुन्हा नोंदवला असून माझ्यावर कोणताही ठपका नाही.

यानंतर तुमच्या कोल्हापूर शाखेने अपघात कर्नाटकात झाला म्हणून मला बेळगावला पाठवले, आणि बेळगाव शाखेने पॉलिसी कोल्हापूरची म्हणून परत कोल्हापूरला धाडले. कुबड्या घेऊन मी चार वेळा एसटीने राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला. चौथ्या खेपेला प्रथम खबर अहवाल कन्नडमध्ये असल्याने वाचता येत नाही असे सांगण्यात आले, तेव्हा पदरचे पैसे घालून त्याचे भाषांतर नोटरी करून दिले. आम्हा सीमाभागातल्या माणसांचे आयुष्य दोन राज्यांच्या कार्यालयांत खेटे घालण्यात जाते, पण तुमची कंपनी तर एकच आहे.

आता कालच्या फोनविषयी. तुमच्या अधिकाऱ्याने अपंगत्वाच्या दाखल्यावरचा 38 टक्के हा आकडा वाचला आणि विचारले, "पाय कापलेला नाही ना?" मी नाही म्हणालो. "मग चालता येते ना?" मी म्हणालो, काठी घेऊन येते. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे पाय शाबूत आहे. मग एवढी मोठी रक्कम कशासाठी मागता?" मी त्याला समजावून सांगितले की मांडीच्या हाडात रॉड आहे, गुडघा निम्मासुद्धा वाकत नाही, आणि ट्रकमध्ये ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाखाली असतात. तो म्हणाला, "बसून करायचे दुसरे काम शोधा." मी बावीस वर्षे बसूनच काम केले आहे, साहेब. त्या एका पायाच्या भरवशावर लोक मला दहा टन माल आणि लाखांची गाडी देत होते. अधिकाऱ्याचे ते वाक्य मी ऐकताना माझी पत्नी शेजारी विड्या वळत होती. दागिने पतसंस्थेत गहाण पडल्यापासून तिच्या मजुरीवरच घर चालते. तिने हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिले. फोन मी तिथेच ठेवला.

त्या अधिकाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाचा 2010 मधला निकाल वाचायला द्या. अपंगत्वाचे टक्के आणि कमाई बुडण्याचे टक्के एक नसतात, हे त्यात सांगितले आहे. डावा हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडू शकते, असे उदाहरणही त्यात आहे. माझा तर उजवा पाय आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 149 नुसार अपघाताची माहिती मिळताच तुम्ही दाव्यासाठी अधिकारी नेमायला हवा होता आणि त्याने 30 दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यायला हवा होता. पाच महिन्यांत मला अधिकाऱ्याचे नावही कळलेले नाही. कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामध्येच मला फिरवत ठेवले. कलम 166 मध्ये दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे आणि ती पुढच्या महिन्यात संपते, हे तुमच्या विभागाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. मालकाकडून कामगार भरपाई घ्या, असाही सल्ला मला मिळाला. कलम 167 प्रमाणे दोन्हींपैकी एकच मार्ग निवडता येतो. ज्या मालकाने माझ्या उपचारांसाठी उसने पैसे दिले, त्याच्यावर दुसऱ्याच्या चुकीचा बोजा मी टाकणार नाही.

रुग्णालयाचा खर्च 3 लाख 86 हजार रुपये झाला, त्याची मूळ बिले तुमच्याकडे आहेत. महिना 22 हजार पगार आणि फेरीचा भत्ता बंद आहे. हे पत्र मिळाल्यापासून 10 दिवसांत नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि बुडालेली कमाई धरून केलेला लेखी प्रस्ताव मला मिळाला पाहिजे. न मिळाल्यास मी बेळगाव जिल्ह्यातील मोटार अपघात दावे न्यायाधिकरणात अर्ज दाखल करीन. वकीलपत्रावर सही झालेली आहे. अपघात जिथे झाला आणि दावेदार जिथे राहतो, तिथे दावा लावण्याचा हक्क त्याच कलम 166 ने दिला आहे, त्यामुळे तिथे मला कोणी कोल्हापूरला जा असे सांगू शकणार नाही.

महामार्गावर तुमच्या कंपनीचा मोठा फलक आहे. रात्रीच्या फेरीत तो दिसला की माझ्याही गाडीचा विमा याच कंपनीकडे असावा असे मला वाटत असे, आणि मालकाला मी तसे सुचवलेही होते. ती शिफारस मी परवा मागे घेतली.

अपंगत्वाचा दाखला, नोटरी केलेले भाषांतर आणि पगाराचे पत्र यांच्या प्रती पाचव्यांदा जोडत आहे.

दावेदार चालक,
तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव