‘आयएल-वन बीटा अँटिबॉडी, एक नग’ एवढ्याने भागत नाही

संपादक महोदय,

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत दाहाशी संबंधित विषयावर प्रकल्प सुरू झाला की खरेदीच्या यादीत एक ओळ येते : ‘आयएल-वन बीटा अँटिबॉडी, एक नग’. अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते नमुन्यात आहे की नाही हे दाखवणारे प्रथिन. तीन कोटेशने मागवली जातात आणि सर्वात स्वस्त असेल ती मंजूर होते. खुर्च्या-टेबलांसाठी ही पद्धत योग्यच आहे. अँटिबॉडीसाठी मात्र ती बदलायला हवी, आणि त्यासाठीच हे पत्र.

इंटरल्यूकिन-१ बीटा (म्हणजेच आयएल-वन बीटा) हे ताप आणणारे, दाह भडकवणारे प्रथिन. पेशी ते आधी २६९ अमिनो आम्लांच्या, ३१ किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) निष्क्रिय रूपात तयार करते. मग कॅस्पेज-१ हे विकर ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांमधला जोड तोडते. उरलेला १५३ आम्लांचा, १७ किलोडाल्टनचा तुकडा पेशीबाहेर पडतो. खरे काम करतो तो हाच. त्यामुळे अँटिबॉडी नेमकी कुठे चिकटते यावर सगळे अवलंबून असते. पहिल्या ११६ आम्लांच्या भागाविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी सक्रिय तुकडा कधीच दाखवणार नाही. फक्त तुटलेले टोक ओळखणारी अँटिबॉडी ३१चा बँड दाखवणार नाही (बँड म्हणजे वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत, प्रथिने जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या पडद्यावर उतरवल्यावर तिथे उमटणारी रेघ). मागच्या १५३ आम्लांविरुद्धची बहुधा दोन्ही दाखवते. बाटलीवरचे नाव मात्र तिन्हींचे एकच असू शकते.

उंदराच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी माणसाच्या पेशींवर चालेलच असे नाही. एलायझाला (प्रथिनाची घडी न उलगडता ते मोजणाऱ्या चाचणीला) उत्तम असलेली वेस्टर्न ब्लॉटवर कोरी जाऊ शकते, कारण ब्लॉटमध्ये एसडीएस या साबणासारख्या रसायनाने प्रथिनाची घडी उलगडलेली असते आणि काही अँटिबॉडी ती घडीच ओळखतात. म्हणून मागणीपत्रात क्लोनचे (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीवंशाचे) नाव, कोणत्या प्राण्यात बनवली, कोणत्या भागाविरुद्ध, कोणत्या प्रजातीसाठी आणि कोणत्या पद्धतीसाठी तपासलेली, हे सगळे लिहिलेच पाहिजे. शक्य तिथे रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल (ठरलेल्या जनुकापासून बनवलेली, एकाच प्रकारची) घ्यावी. पॉलिक्लोनलचा (प्राण्याच्या रक्तातल्या अनेक अँटिबॉडींच्या मिश्रणाचा) नवा लॉट दुसऱ्या प्राण्याच्या रक्तातून आला की बँडही बदलू शकतात.

नियमांची अडचण आहे, असे लेखा विभाग सांगतो. केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नियम १६६ ठरावीक परिस्थितीत कारणे नोंदवून एकाच पुरवठादाराकडून खरेदी करू देतो. केंद्रीय अनुदानाच्या प्रकल्पांत तो वापरावा. इतरत्र तांत्रिक अटीच इतक्या नेमक्या लिहाव्यात की चुकीची वस्तू स्पर्धेतच येणार नाही. १०० मायक्रोलिटरच्या कुपीतून १:१००० प्रमाणात १०० मिली द्रावण होते. एका ब्लॉटला १० मिली धरले तर जेमतेम दहा ब्लॉट. त्यातले सहा ‘का दिसत नाही’ यात गेले, तर प्रकल्प तिथेच अडतो.

आता दोष नेहमी अँटिबॉडीचाच असतो असे नाही. सर्वाधिक आढळणारी चूक अशी : टीएचपी-१ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना चार तास फक्त एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला दाह चेतवणारा पदार्थ) द्यायचे, लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) चालवायचा आणि १७च्या जागी काही नाही म्हणून कुपी फेकायची. एलपीएसने मुख्यतः ३१चे रूप साठते. १७चा तुकडा हवा तर दुसरा इशारा लागतो, उदाहरणार्थ नायजेरिसिन हे रसायन, १० मायक्रोमोलर, साधारण एक तास. आणि तो तुकडा शोधायचा बाहेरच्या माध्यमात, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात. हा टप्पा सीरमविरहित माध्यमात करावा, नाहीतर सीरममधला अल्ब्युमिन जेलमधली सगळी लेन (एका नमुन्याचा पट्टा) फुगवतो. मग ५०० मायक्रोलिटर माध्यमात तेवढेच मिथेनॉल आणि १२५ मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म घालून प्रथिने गोळा करावीत. जेल १५ टक्क्यांचा, मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचा, ०.४५च्या मेम्ब्रेनमधून एवढे लहान प्रथिन सहज पार निघून जाते. शेजारच्या लेनमध्ये काहीही न दिलेल्या पेशी हव्यातच. तिथेही तोच बँड दिसला, तर तो आपल्या प्रथिनाचा आहे यावर विश्वास ठेवू नये.

संपूर्ण ब्लॉट कोरा आला तर आधी सोडियम अझाइड कुठे मिसळले ते पाहावे. प्राथमिक अँटिबॉडी टिकवायला ते चालते, पण एचआरपी (बँड दिसायला लावणारे विकर) जोडलेल्या दुय्यम अँटिबॉडीच्या (प्राथमिक अँटिबॉडीला चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीच्या) द्रावणात गेले तर ते एचआरपीच बंद पाडते.

साठवणुकीत आपल्याकडच्या हवेचा विचार करावाच लागतो. प्रोटोकॉलमधले ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यातली वाशीची बिनएसी खोली नव्हे. पावसाळ्यात सुकी पावडर असलेली कुपी फ्रीजरमधून काढून लगेच उघडली तर हवेतली वाफ आत जमते. ती बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, थोडी सेंट्रिफ्यूज करावी, मग उघडावी. ५० टक्के ग्लिसरॉल असलेली अँटिबॉडी उणे २० अंशांनाही गोठत नाही. ग्लिसरॉल नसेल तर दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग करून ठेवावेत. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज यासाठी वापरू नये. बर्फ वितळवायला तो स्वतःच अधूनमधून गरम होतो. कुरिअरमध्ये जेल पॅक वितळलेला दिसला म्हणून मात्र घाबरू नये. दोन-तीन दिवसांच्या उकाड्यापेक्षा वारंवार गोठणे-वितळणे अँटिबॉडीला जास्त मारक ठरते.

एक सूचना ताबडतोब अमलात येण्यासारखी आहे. एखाद्या महाविद्यालयाने दोन्ही इशारे दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींचे नमुने एकदाच भरपूर तयार करावेत, सॅम्पल बफरमध्ये ९५ अंशांवर पाच मिनिटे उकळून २० मायक्रोलिटरच्या नळ्यांत भरावेत आणि शेजारच्या महाविद्यालयांना द्यावेत. ठाणे ते वाशी लोकलने अर्ध्या तासाचा रस्ता आहे. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घातला की नमुने नीट पोहोचतात. नवी कुपी आली की पहिला ब्लॉट याच नमुन्यांवर चालवावा आणि त्याचा फोटो लॉट नंबरसह रजिस्टरला चिकटवावा, म्हणजे अपेक्षित बँड आला नाही तर पुरवठादाराकडे मुदतीत बदली मागता येते.

— जैवतंत्रज्ञानाचे काही अध्यापक व प्रयोगशाळा साहाय्यक, नवी मुंबई