बार्बरा हेपवर्थविषयी मुक्तास

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिल्पकलेच्या वर्गात दगडकाम निवडण्यापूर्वी, संसार सांभाळून हे काम आयुष्यभर निभावता येते का, असे तू विचारले आहेस. त्यावर नुसते माझे मत देण्यापेक्षा बार्बरा हेपवर्थ या ब्रिटिश शिल्पकर्तीचे आयुष्य तुझ्यापुढे मांडावे असे मला वाटले.

तिचा जन्म १९०३ मध्ये यॉर्कशायरमधील वेकफिल्ड येथे झाला. वडील अभियंते होते. त्यांच्या मोटारीतून फिरताना टेकड्याच तिला शिल्पांसारख्या दिसत. लीड्सच्या कलाशाळेत पुढे प्रख्यात शिल्पकार झालेला हेन्री मूर तिचा सहाध्यायी होता, आणि पुढे दोघेही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकले. शिष्यवृत्तीवर इटलीत गेली असता तिने रोममध्ये संगमरवर कोरण्याचे कसब शिकून घेतले. शिल्पकाराने मातीचा नमुना करायचा आणि दगडावर तो कारागिरांनी उतरवायचा, ही त्या काळातील रूढ पद्धत होती. ती सोडून हेपवर्थने स्वतः छिन्नी हाती घेतली आणि दगडाच्या कलाने आकार शोधला. १९३० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांतच तिने अलाबास्टर या मऊ दगडाच्या एका शिल्पाला आरपार भोक पाडले. आतली पोकळी हाही आकाराचाच भाग आहे, हे तिला त्यातून गवसले. ते शिल्प पुढे दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले, याची मला फार हळहळ वाटते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. पहिल्या विवाहातून तिला पॉल हा मुलगा होता. १९३४ मध्ये चित्रकार बेन निकल्सनपासून तिला तिळे झाले, आणि हाती पैसा फारसा नव्हता. त्या बाळांना काही काळ एका शिशुसंगोपन संस्थेत ठेवावे लागले. आई म्हणून हे वाचताना मला त्रास झाला, आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. परंतु त्या काळी एखाद्या पुरुष शिल्पकाराला हा जाब कोणी विचारला असता, असेही मला वाटत नाही. १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर हे कुटुंब कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या समुद्रकाठच्या गावी गेले. तेथे दिवसा ती लहान मुलांची शाळा चालवी, बागेत भाजीपाला पिकवी, आणि मोठे कोरीवकाम शक्य नसल्याने रात्री रेखाटने व प्लास्टरचे छोटे नमुने करीत बसे. त्या रात्री वाया गेल्या नाहीत. १९४६ मध्ये एल्मच्या लाकडातून घडवलेल्या, आत फिका रंग दिलेल्या आणि तारा ताणलेल्या ‘पेलागोस’ या शिल्पामध्ये सेंट आइव्हजचा उपसागर स्पष्ट जाणवतो.

१९४९ मध्ये तिने तेथेच ट्रेविन स्टुडिओ घेतला. १९५३ मध्ये वायुदलात असलेला पॉल थायलंडमध्ये विमान अपघातात गेला. त्याच्या स्मरणार्थ तिने गावातील चर्चसाठी माता आणि बालकाची मूर्ती कोरली. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड हेही १९६१ मध्ये विमान अपघातातच मरण पावले. ते तिच्या शिल्पांचे चाहते व तिचे स्नेही होते. त्यांच्या स्मृतीसाठी तिने घडवलेले ‘सिंगल फॉर्म’ हे सुमारे ६.४ मीटर उंचीचे ब्राँझ १९६४ पासून न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आवारात उभे आहे. त्या प्रचंड आकारातही भोक आहेच! ब्राँझ ज्यावरून ओतायचे त्या नमुन्यावर प्लास्टर चढवतानाही ती ते प्लास्टर दगडासारखे तासत असे, याकडे तू अवश्य लक्ष दे.

१९७५ मध्ये स्टुडिओला लागलेल्या आगीत तिचा अंत झाला. पुढच्या वर्षी तिच्या इच्छेनुसार तेथे संग्रहालय सुरू झाले.

तेव्हा निभावता येते, मुक्ता, पण त्याची किंमत घरातील सर्वांनी मिळून द्यावी लागते, आणि आपल्या घरात ती एकट्या तुझ्यावर पडू नये, असे तुझ्या बाबांचे व माझे ठरले आहे. दगडकामच घे. अवजारांना किती पैसे लागतील ते कळव.

तुझी,
आई