दुपारी बागेला कुलूप कशासाठी?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या गावच्या बागेच्या सुशोभीकरणाची बातमी वाचली. रंगीत कारंजं, सेल्फी पॉइंट, फिरायच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक आणि खांबाखांबाला गाणी वाजवणारे स्पीकर. सोबत चित्रही होतं. त्या चित्रात झाडं कमी आणि दिवेच जास्त. बातमी दोनदा वाचली, पण मला हवी ती ओळ काही सापडली नाही. एवढं सगळं झाल्यावर बाग दुपारी उघडी राहणार का?

मी रिटायर कंडक्टर. ३१ वर्षं एसटीत काढली, त्यातली निम्मी मुक्कामी गाड्यांवर. गुडघे गेले तसा बागेचा नाद लागला. आमची बाग काही बघायला यावं अशी नाही. जेमतेम दीड एकर जागा, तहसील आणि बसस्टँडच्या मधोमध. एक घसरगुंडी, तिचा पत्रा खाली उचकटलेला. एक जुनं कारंजं, त्यात पाण्यापेक्षा गुटख्याच्या पुड्या जास्त दिवस राहिल्या असतील. पण झाडं बघावीत. चार लिंब, एक चिंच (तिचा बुंधा दोघांच्या कवेत येत नाही) आणि मागच्या भिंतीला ओळीनं सात करंज. करंजाचं एक बरं असतं. फाल्गुनात पानं झडून कसंनुसं दिसतं, आणि ऊन तापायला लागलं की नेमकी कोवळी पालवी फुटते. चैत्र-वैशाखात खाली असा गच्च गारवा, की उन्हातून आलेल्या माणसाला दोन मिनिटं डोळ्यांपुढं अंधारी येते. वरून बारीक फुलं पडत राहतात, मुरमुरे सांडल्यासारखी.

आता पाटी वाचा. सकाळी ५ ते ९, सायंकाळी ५ ते ९. मधले आठ तास फाटकाला साखळी आणि कुलूप. म्हणजे कचेऱ्या उघड्या असतात नेमका तेवढाच वेळ बाग बंद.

सकाळी तिथं कोण येतं? आमच्यासारखे पेन्शनर, डॉक्टरनं चालायला सांगितलेले व्यापारी, हास्य क्लबवाले. संध्याकाळी लेकरं. या सगळ्यांना घरं आहेत, घरी पंखा आहे, बहुतेकांकडं कूलरही आहे. दुपारी सावली ज्याला लागते तो माणूस गावातला नसतोच, तो खेड्यातून आलेला असतो. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही, त्यांनाच मी ३१ वर्षं गाडीत बसवून आणलंय. साडेनऊच्या गाडीला उतरायचं, तलाठ्याकडं, तहसीलला, बँकेत, दवाखान्यात जायचं, 'साहेब जेवायला गेले' हे ऐकायचं आणि परतीच्या साडेचारच्या गाडीपर्यंत दिवस काढायचा. हॉटेलात बसावं तर चहा घ्यावा लागतो, आणि एका चहावर तीन तास कोण बसू देतो? ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. पण त्यामुळं म्हाताऱ्या माणसांची आणि बायकांची तालुक्याला ये-जा किती वाढली, ते दुपारी दोनला स्टँडवर उभं राहून बघावं. बाकड्यांवर जागा नसते, मग जिथं भिंतीची सावली पडेल तिथं माणूस.

आणि मे महिन्यात भिंतीची सावली तरी कुठं असते? महिन्याच्या मध्याला आपल्याकडं सूर्य भर माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. शाळेतली पोरं मैदानात काठी उभी करून बघतात. आमच्या बागेच्या फाटकावर तो प्रयोग मी काठीशिवाय बघितला.

त्याचं असं झालं. आमच्या बागेचा वॉचमन ज्या गावचा, तिथं माझी मुक्कामी गाडी जायची. त्याचं लेकरू शाळेसाठी माझ्याच गाडीनं यायचं. त्या ओळखीवर दुपारी तो मला मागच्या लहान दारानं आत घेतो. नियमात बसत नाही हे मला कळतं, पण लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो. तर गेल्या वैशाखात, बाराच्या सुमारास, मी करंजाखाली पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. वर तांबट टुक टुक करत होता. दुपारभर तो पक्षी थांबत नाही, तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा आवाज. बाकी सगळं गप्प. तेवढ्यात साखळी वाजली.

फाटकाबाहेर एक नऊवारीतली बाई आणि तिची सून. सुनेला दिवस भरत आलेले. हातात दवाखान्याची फाईल, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. दोघी फाटकाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या खांबाला वीतभर सावली होती. मी बघत होतो तोवर ती चार बोटं झाली. बाईनं पदर ताणून सुनेच्या डोक्यावर धरला होता, स्वतः उन्हात. गजातून मला बघून म्हणाली, "मास्तर, आत पाणी हाय का हो?"

मी माझी बाटली गजातून दिली. ती कोमट झालेली. बाई प्यायली नाही, सगळी सुनेला पाजली.

खरं सांगतो, संपादक साहेब, त्या वेळी आत सावलीत उभं राहायची लाज वाटली. वॉचमनला उठवलं. पहाटे साडेचारला आलेला माणूस, चिंचेखाली घोंगडीवर झोपला होता. त्यानं काही न बोलता किल्ली काढली. दोघी करंजाखाली आल्या. सून सासूच्या मांडीवर डोकं ठेवून कुशीवर निजली ती साडेतीनपर्यंत. केसांवर फुलं पडलेली, बाईनं एकही झटकलं नाही. म्हणाली, "महिना झाला, घरी बी अशी झोप लागली न्हवती तिला."

मग मी अर्ज केला. त्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडं सारखीच असते. अर्ज दिला, पोच घेतली, चार चकरा मारल्या. तोंडी उत्तर मिळालं की दुपारी बाग उघडी ठेवली तर जोडपी बसतात, पत्ते चालतात, दारुडे येऊन लोळतात. येतात, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या गाडीत एखादा विनातिकीट सापडला तर मी त्याच्यापुरतं बघायचो, पन्नास जणांना खाली उतरवून गाडी डेपोत नेऊन लावत नव्हतो. आणि जोडप्यांचं म्हणाल तर, नवराबायकोला दोन शब्द बोलायला घरात जागा नसते अशी घरं या गावात किती आहेत, तेही एकदा मोजावं.

खरं कारण वेगळंच आहे, आणि ते कुणी सांगत नाही. माणूस एकच आहे. ठेक्यावरचा. पहाटे दार उघडणं, झाडणं, झाडांना पाणी देणं, रात्री नऊला पोरं हाकलून कुलूप लावणं, सगळं त्याच्याच गळ्यात. दुपारी तो जेवून आडवा झाला नाही तर मरेल. त्याला आराम मिळावा म्हणून बाग बंद, असा साधा मामला आहे. दुपारसाठी दुसरा माणूस नेमायला पैसा नाही म्हणतात, कारंज्याला मात्र आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्याच मराठवाड्यात आपण राहतो ना? उन्हाळ्यात आमच्याकडं आठ-आठ दिवसांनी नळ येतो. रंगीत पाणी कुठून उडवणार आहेत, देव जाणे.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण सगळ्यांनी बघितली असेल, शाळेची सहल हटकून तिथं जायची. तिथल्या मोठ्या हौदाखाली एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत. वर पाणी, त्यामुळं भर उन्हाळ्यात आत गारवा. ते दालन राजाराणीसाठी नव्हतं, दर्ग्याला येणाऱ्या वाटसरूंनी उन्हाच्या वेळी टेकावं म्हणून होतं. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी मीही तिथं पाठ टेकलेली आहे. त्या काळच्या माणसांना दुपार कळत होती. आमच्या पाटीवर दुपारच नाही.

स्पीकरबद्दलही लिहितो, नाहीतर म्हणतील म्हाताऱ्याला गाण्यांचं वावडं. तसं नाही, डेपोतल्या गणपतीत मी गायलेलो आहे. पण गावात आता गप्प जागा उरली आहे कुठं? स्टँडवर हॉर्न, बाजारात रिक्षावरचे भोंगे, लग्नसराईत डीजे. स्पर्धा परीक्षेची दोन पोरं सकाळी साडेसहाला येऊन चिंचेखाली वाचत बसतात, नऊला त्यांना उठवावं लागतं. त्यांच्या घरी एका खोलीत सहा माणसं आहेत. त्यांच्या डोक्यावर स्पीकर लावून आपण नक्की कुणाची बाग सुशोभित करणार?

आणि ते पेव्हर ब्लॉक. घालायचेच असतील तर निदान झाडांच्या बुंध्याला आवळून घालू नका. स्टँडसमोरच्या लिंबाभोवती असंच गळ्यापर्यंत सिमेंट केलं होतं. तीन पावसाळ्यांत वाळला. आता तिथं पत्र्याचं शेड आहे, आणि त्याच्याखाली दुपारी कुत्रंही बसत नाही.

माझं मागणं मोठं नाही. पाडवा होऊन गेला, ऊन आत्ताच डोकं धरायला लागलंय. निदान पहिला पाऊस पडेपर्यंत तरी बाग दिवसभर उघडी ठेवा आणि करंजाखाली एक रांजण भरून ठेवा. वॉचमनला दुपारी झोपू द्या, त्याच्या झोपेच्या आड कुणी येणार नाही. आम्ही सहा रिटायर माणसं आहोत. दोन मास्तर (खरे, शाळेतले), एक पोस्टातले, एक वायरमन, एक कंपाउंडर आणि मी. दुपारी फाटकाशी आळीपाळीनं बसायला तयार आहोत, पगार नको. ड्यूटी चार्ट मी लावून ठेवलाय, सवयच आहे ती. रविवार माझ्याकडं आहे.

फाटकाच्या कुलपाची दुसरी किल्ली करायला बाजारात ४० रुपये लागतात, विचारून आलोय. ते आम्ही भरू.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
(जि. परभणी)