गाडीचा वाढदिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख गाडीवरच वाचला. म्हणजे भाड्याच्या गाडीवर, कारण माझी स्वतःची वडापावची हातगाडी अजून पालिकेच्या गोदामात आहे. वॉर्ड ऑफिसच्या दारात आम्ही वड्यांचा केक रचला, फुगे लावले, हातगाडीच्या फोटोला ओवाळले आणि 'हॅपी बर्थडे' म्हटले, याने म्हणे 'प्रश्नाचे गांभीर्य हरवले'. ते आधी कुठे ठेवले होते तेवढे कळवा, म्हणजे शोधायला बरे.

गेल्या वर्षी याच महिन्यात, संध्याकाळी पाचच्या सुमारास 'गाडी आली' (म्हणजे फेरीवाल्यांचा माल उचलणारी पालिकेची गाडी) अशी आरोळी उठली तेव्हा माझा घाणा तेलात होता. टोपलीवाले पळाले. उकळत्या तेलाची कढई घेऊन पळता येत नाही. तेल कसेबसे ओतून घेतले. माझी हातगाडी, शेगडी, दोन झारे, आईची पितळी परात आणि साठेक वड्यांचे सारण जप्त होऊन गेले. यादी मागितली तर उत्तर मिळाले, 'ऑफिसात या.' २०१४च्या पथविक्रेता कायद्याचे कलम १९ सांगते, जप्त मालाची यादी करून सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यायची. शुल्क भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. त्या कलमाची झेरॉक्स मी लॅमिनेट करून ठेवली आहे, तेलाच्या डागांचा अनुभव असल्यामुळे. सात अर्ज केले. सहावा तर टाइप करून घेतला, 'आपला विश्वासू'सकट. एकाचेही उत्तर नाही. सारणाचे काय झाले असेल ते मी विचारतही नाही.

म्हणून वाढदिवस. शेजारचा सँडविचवाला म्हणत होता वर्षश्राद्ध घालू. मी नको म्हटले. श्राद्ध घातले की गाडी गेली असे आपणच लिहून दिल्यासारखे होते.

तुमचा वार्ताहर केकचा फोटो काढून गेला, त्यामुळे पुढचे तुम्हाला कळलेच नसावे. गाण्याचा आवाज ऐकून आतल्या एक बाई बाहेर आल्या. 'कोणाचा वाढदिवस?' 'माझ्या गाडीचा. आज वर्षाची झाली तुमच्याकडे.' बाई हसल्या. त्यांनी केकमधला नेमका खालचा वडा ओढला, मनोरा कलंडला, दोन शिपाई वडे गोळा करायला धावले. मग बाईंनी हात पुसले आणि रजिस्टर काढले. वर्षभरात पहिल्यांदा. त्यात माझी गाडी सापडली: 'लोखंडी भंगार, १ नग'. शेगडी नाही, झारे नाहीत, परात नाही. भंगार तर भंगार, नोंद तरी निघाली. आठवा अर्ज आता त्या नोंदीच्या आकड्यानिशी केला आहे. सात अर्जांत हा आकडा मी कुठून आणणार होतो?

'कायद्याच्या मार्गाने जावे' हा तुमचा सल्ला शिरसावंद्य. गेलो की! पदपथावर व्यवसाय करणे हा मूलभूत हक्क आहे, वाजवी बंधने घालून, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सोदान सिंग खटल्यात म्हटले. २०१४च्या कायद्याने पथविक्रेत्यांविषयी पालिकेला सल्ला देणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य आमच्यातून निवडून द्यायला सांगितले. मुंबईत त्या निवडणुकीचे मतदान व्हायला २०२४ उजाडले. दहा वर्षे गंभीर राहिलो, एक दुपार फुगे फुगवले तर एवढे लागले?

'जगात कुठे असे होते?' असेही आपण विचारता. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून कितीतरी वर्षे गाडीवाल्यांच्या पाककलेची 'व्हेंडी' नावाची स्पर्धा भरत असे. लोक तिकीट काढून खायला यायचे आणि तो पैसा गाडीवाल्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या संस्थेला जायचा. मला हे मुलीने मोबाइलवर दाखवले. तुमच्याकडेही मोबाइल असेलच.

कालच्या अग्रलेखात वडापाव बांधून द्यायचा मोह झाला होता. पण छापील वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला २०१८च्या नियमांनी बंदी आहे आणि आम्ही नियम पाळतो.

जाता जाता दुसरे एक. बुधवारच्या शब्दकोड्याचे उत्तर तुम्ही गुरुवारी छापले नाही, शुक्रवारीही नाही. आडवे ९, 'पदपथावरील अडथळा', चार अक्षरे. गाडीवरच्या गिऱ्हाइकांनी 'फेरीवाला' भरले. माझ्या समोरच्या फुटपाथवर रोज कोण उभे असते ते बघून मी 'चारचाकी' भरले. उभ्या शब्दांशी दोन्ही जुळत नाहीत. कृपया उत्तर छापावे, पैज दोन कटिंगची आहे.

आपला,
एक वडापाव विक्रेता
(नाव-पत्ता कळवला आहे, छापू नये, गाडी भाड्याची आहे)