मिनिमम ड्यू भरला की झालं का?

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

पहिलं क्रेडिट कार्ड आलं, लिमिट पगाराच्या तिप्पट मिळालं, हे तू आनंदाने सांगितलंस आणि फोन ठेवता ठेवता विचारलंस, "आई, मिनिमम ड्यू भरला की झालं ना?" मी "नाही" एवढंच म्हटलं. बँकेत कार्डांच्या थकबाकीच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. त्या "नाही"मागे जे आहे ते फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. कागद-पेन घेऊन वाच, मधे थोडं गणित आहे.

स्टेटमेंटवर दोन आकडे ठळक छापलेले असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम, म्हणजे तू म्हणतेस तो मिनिमम ड्यू. किमान रक्कम वेळेवर भरली तर लेट फी लागत नाही आणि खातं थकीत धरलं जात नाही. तिचं काम तिथेच संपतं. राहिलेल्या रकमेवर व्याज चालूच असतं. कार्डाचा दर बऱ्याचदा महिन्याचा सांगतात, त्यामुळे तो लहान वाटतो. महिना ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. घरासाठी कुणी या दराने कर्ज देऊ केलं असतं तर आपण दारातूनच परत फिरलो असतो.

आता गणित. समज, कार्डावर १,००,००० थकले. व्याज महिना ३ टक्के, किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के. कार्ड कपाटात ठेवून दिलं, नवी खरेदी काहीच नाही. पहिल्या महिन्याचं व्याज धरून बाकी होते १,०३,०००. त्याचे ५ टक्के म्हणजे ५,१५० तू भरलेस. राहिले ९७,८५०. पाच हजारांच्या वर पैसे गेले आणि मुद्दल उतरलं २,१५०. असंच वर्षभर, एकही महिना न चुकवता भरत राहिलीस, तर तुझ्या खिशातून जवळपास ५५,००० गेलेले असतील आणि कार्डावर अजून ७७,००० उभे असतील. निम्मं कर्ज फिटायला पावणेतीन वर्षांच्या आसपास लागतील. नऊ वर्षं होत आली तरी दहावा हिस्सा बाकीच असेल.

माझ्यासमोर येऊन बसणारे लोक उधळे नव्हते, हे मला तुला मुद्दाम सांगायचं आहे. त्यातले कितीतरी जण पावत्यांची फाईल घेऊन यायचे, महिन्यांच्या क्रमाने लावलेली. "मॅडम, एकही तारीख चुकवली नाही, मग बाकी अजून एवढी कशी?" मी स्टेटमेंट त्यांच्याकडे वळवायची, व्याजाच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि शेजारी त्यांनी भरलेली रक्कम लिहायची. दोन आकडे शेजारी आले की माणूस एकदम गप्प व्हायचा. प्रामाणिकपणे भरणाऱ्या माणसाची ही गत व्हावी याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं, आजही वाटतं.

हे का होतं ते नीट समजून घे, कारण इलाज त्यातच आहे. किमान रक्कम ही बाकीची टक्केवारी असते. बाकी थोडी उतरली की पुढच्या महिन्याची किमान रक्कमही उतरते. भरणाऱ्याला वाटतं, चला, बोजा हलका झाला. हप्ता लहान झाला म्हणजे फेडीचा वेग मंदावला, हे कुठे लिहिलेलं नसतं. आता त्याच उदाहरणात एकच बदल कर. बँकेने पुढच्या महिन्यात कमी मागितले तरी तू पहिल्या महिन्याचेच ५,१५० भरत राहा. सगळं कर्ज तिसाव्या महिन्यात संपतं. कुठे नऊ वर्षं आणि कुठे अडीच! दहा हजार भरता आले तर बारा हप्त्यांनंतर किरकोळ काहीतरी उरतं, ते तेराव्या महिन्यात जातं. स्वतः कागदावर करून पाहा, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस.

त्या आकड्याचा मनावरही परिणाम होतो. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नील स्टुअर्ट यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कार्डाचं नमुन्याचं बिल देऊन विचारलं, किती भराल? काहींच्या बिलावर किमान रक्कम छापलेली होती, काहींच्या नव्हती. सगळं बिल एकदम न फेडणाऱ्यांमध्ये, ज्यांच्या डोळ्यांसमोर तो आकडा होता त्यांनी बरेच कमी पैसे भरायचं ठरवलं. म्हणजे तो आकडा नुसता दिसला तरी हात आखडतो. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने बँकांना बिलावरच छापायला लावलं की नुसती किमान रक्कम भरलीत तर फिटायला किती काळ लागेल आणि एकूण किती द्यावे लागतील. तुझ्या स्टेटमेंटवर अशी ओळ असेल तर आधी ती वाच.

आता बिनव्याजी मुदतीबद्दल. इथे शिकलीसवरलेली माणसंही फसतात. समज, बिल ५ तारखेला निघतं आणि भरायची तारीख २५. तू ६ तारखेला काही घेतलंस तर ते पुढच्या महिन्याच्या बिलात येईल, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस बँकेचे पैसे फुकट वापरायला मिळाले. हीच वस्तू ४ तारखेला घेतली असतीस तर तीनच आठवडे मिळाले असते. मोठी खरेदी बिल निघाल्यानंतर करावी म्हणतात ते यासाठी. पण ही सवलत मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच असते. थोडी रक्कम जरी पुढे ढकललीस, तरी बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची मुदत जाते आणि वस्तू घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. "९० टक्के भरले, १० टक्क्यांवर कितीसं व्याज लागणार?" असा हिशेब लोक करतात आणि पुढच्या महिन्यातल्या किराण्यावरसुद्धा व्याज भरतात. एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोकड काढली तर ही मुदत मुळातच नसते. त्याच दिवसापासून व्याज, वर काढण्याचं शुल्क वेगळं. रोख हवी असेल तेव्हा डेबिट कार्डच काढ.

कार्ड वाईट असतं असं मी म्हणत नाही. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचं कार्ड निघालं तेव्हा महिन्याचं बिल पूर्ण भरायचं असा करार होता, बाकी पुढे ओढायची सोयच नव्हती. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डं लोकांनी न मागता घरोघर पोस्टाने धाडली. थोडं आत्ता भरा, उरलेलं व्याजासकट सावकाश, ही सोय त्या कार्डावर होती आणि पुढे तीच जगभर रुजली. तू आजचं कार्ड १९५० च्या करारानेच वापर. बिल आलं, पूर्ण भरलं, विषय संपला. असं वापरणाऱ्याकडून बँकेला व्याज मिळत नाही, फार तर वार्षिक शुल्क.

डेबिट कार्डात ही भानगड नाही, पैसे थेट तुझ्या खात्यातून जातात आणि नसले तर व्यवहार होत नाही. रोजच्या खर्चाला, विशेषतः हात सैल सुटतोय असं वाटत असेल तेव्हा, तेच बरं. एका बाबतीत मात्र क्रेडिट कार्ड सरस आहे. कार्डाचा नंबर चोरीला गेला आणि कुणी खरेदी केली, तर डेबिटवर तुझे स्वतःचे पैसे गेलेले असतात आणि चौकशी होईपर्यंत घरभाड्याची अडचण होते. क्रेडिटवर वाद बँकेच्या पैशांवर चालतो. म्हणून ओळख नसलेल्या संकेतस्थळावर, हॉटेलच्या किंवा भाड्याच्या गाडीच्या अनामतीसाठी क्रेडिट वापर. पगार जमा होणाऱ्या खात्याचं डेबिट कार्ड अशा ठिकाणी देऊ नकोस. पिन, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे तुला मी वेगळं सांगायला नको. परदेशात मशीनने "तुमच्या देशाच्या चलनात भरणार का?" विचारलं तर नाही म्हण आणि तिथल्याच चलनात भर, एरवी दुकानाकडचा दर लागतो आणि तो सहसा महाग असतो.

खर्चाचं म्हणशील तर कार्डाने हात सैल सुटतो, हे खरंच आहे. ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. काहींना रोखीने भरायचे होते, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. ते संशोधन २००१ मध्ये छापून आलं. तेव्हा लिमिट पगाराच्या तिप्पट मिळालं तरी तू ॲपमध्ये जाऊन ते स्वतःच कमी करून घे, पगाराच्या निम्म्यावर आण. बँक वाढवून देतो म्हणून मेसेज पाठवेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. रिवॉर्ड पॉइंट मिळाले तर घे, पण पॉइंटसाठी खरेदी करू नकोस. "नो कॉस्ट ईएमआय" दिसला की दुकानदाराला विचार, एकदम पैसे दिले तर सूट किती? बऱ्याचदा व्याज त्या न मिळालेल्या सवलतीत लपलेलं असतं, शिवाय प्रोसेसिंग फी.

आणि समज, कधी अडकलीसच. आजारपण येतं, नोकरी जाते, कुणावरही वेळ येते. तेव्हा एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डाने भरू नकोस. याची टोपी त्याला घालून कर्ज कमी होत नाही, फक्त पत्ता बदलतो आणि वर शुल्क लागतं. कार्डाचा वापर त्याच दिवशी थांबव. दोन-तीन ठिकाणी देणं असेल तर सगळीकडे किमान रक्कम भर आणि हाताशी उरेल तो पैसा न पैसा सर्वांत जास्त व्याजाच्या कार्डावर घाल. वैयक्तिक कर्ज कमी दराने मिळत असेल तर ते घेऊन कार्ड फेडणं शहाणपणाचं आहे, फक्त फेडलेलं कार्ड लगेच बंद कर. नाहीतर वर्षाच्या आत दोन्ही डोक्यावर येतात, असे लोक मी पुष्कळ पाहिले. आणि हप्ता चुकण्याआधीच बँकेला फोन कर. आधी येऊन बोलणाऱ्यासाठी मुदत वाढवणं, हप्ते बांधून देणं, दर खाली आणणं हे सगळं आमच्या हातात असायचं. सहा महिने फोन न उचलणाऱ्याची फाईल वसुलीकडे गेली की मग आमच्याही हातात फारसं काही राहत नसे. घरी सांगायला तर अजिबात लाजू नकोस. बाबांना आणि मला नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, आणि तुला ओरडायला आम्ही दोघंही बसलेलो नाही.

आता आजच करायचं एक काम. ॲपमध्ये ऑटोपे, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरलं जाण्याची सोय, चालू कर आणि तिथे "किमान रक्कम" निवडलेली आहे की "एकूण रक्कम" ते उघडून बघ. किमान असेल तर बदल. ज्या खात्यातून पैसे जाणार त्यात भरण्याच्या तारखेला पुरेशी शिल्लक राहील असं बघ, आणि बिलाची तारीख पगारानंतरची करून मिळते का ते बँकेला विचार. बऱ्याच बँका करून देतात.

तुझी,
आई