काका, चालींखाली लिहायला शिकवलंत त्याबद्दल

काका नमस्कार,

समोर बसून बोलायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता आणि चहा मागवता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहूनच टाकतेय. सांगलीत बुद्धिबळ शिकवणारे खूप जण झाले, भाऊसाहेब पडसलगीकरांपासूनची परंपरा आहे आपली, पण डाव झाल्यावर तो डेटाबेसमधे कसा ठेवायचा आणि प्रत्येक चालीला दोन शब्द कसे जोडायचे हे मला कोणी शिकवलं असेल तर ते तुम्ही, आणि त्यामुळे माझ्या क्लासचं काय काय बदललंय हे तुम्हाला कळायलाच हवं.

माझ्याकडची मुलं डाव संपला रे संपला की इंजिन, म्हणजे चाली तपासून कोण किती पुढे ते आकड्यात सांगणारा प्रोग्रॅम, लावायची. इंजिन सांगणार उणे दोन, झालं, पोरगं म्हणणार "टीचर इथे चुकलो" आणि पुढचा डाव सुरू. तुमचा पहिला नियमच होता की इंजिन बंद ठेवायचं, आधी स्वतःच्या शब्दात लिहायचं की ही चाल का केली, मग हवं तर आकडे बघा. जगज्जेते बॉट्विनिक सुद्धा स्वतःच्या डावांचं विश्लेषण लिहा आणि छापा, म्हणजे लोक त्यातल्या चुका काढतील असं सांगायचे, हे पण तुमच्याकडूनच कळलं.

तुमच्या कॉम्प्युटरवर चेसबेस, म्हणजे डाव साठवायचा प्रोग्रॅम, उघडून दाखवलंत ते अजून लक्षात आहे. बाकी सगळीकडे कंट्रोल ए म्हणजे सगळं सिलेक्ट, इथे मात्र चालीनंतरचा मजकूर लिहायचा, आणि कंट्रोल शिफ्ट ए म्हणजे चालीच्या आधीचा मजकूर. मला वाटलं आधी काय नि नंतर काय, शेवटी वाचायचंच आहे ना. मग तुम्ही पांढऱ्याकडून खेळणाऱ्या मॉर्फीचा तो पॅरिसच्या ऑपेरातला १८५८ चा डाव लावलात, समोर ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इझुआर दोघं मिळून खेळतायत तो. आठव्या चालीला थांबलात. पांढऱ्याचा वजीर बी-३ वर, काळ्याचा वजीर नुकताच ई-७ वर आलेला, आणि बी-७ चं प्यादं चक्क फुकट. चालीच्या आधी तुम्ही टाईप केलंत, "घेशील का हे प्यादं?" आणि मॉर्फीच्या घोडा सी-३ नंतर लिहिलंत, "घेतलं असतं तर काळा वजीर बी-४ ला शह देऊन वजिरांची मारामारी (दोन्ही वजीर पटाबाहेर) करतो, एक प्यादं जास्त राहतं पण हल्ल्यातली धार जाते." आधी प्रश्न, नंतर कारण, मधे चाल. मुलांना मी हा डाव आता अस्साच दाखवते आणि त्या प्रश्नापाशी वर्गात जी भांडणं होतात ना काका, तुम्ही एकदा येऊन बघाच.

पीजीएनच्या, म्हणजे डाव ज्यात साठवतात त्या फाईलचं पोट उघडून दाखवलंत त्याचा उपयोग तर रोज होतो. १९९३ च्या सुमारास स्टीव्हन एडवर्ड्सनी हा फॉरमॅट बनवला, साधा मजकूर, नोटपॅडमधे पण उघडतो, चालींच्या मधे महिरपी कंसात कमेंट आणि साध्या कंसात पर्यायी चाली. आधीची कमेंट नंतरची कमेंट असा फरक त्यात नाहीच, त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅममधे फाईल नेली की चालीआधीचा प्रश्न मागच्या चालीला चिकटलेला दिसतो, हे माहीत होतं म्हणून मी गोंधळले नाही. एका मुलाच्या वडिलांनी व्हॉट्सॲपवर फाईल पाठवली, म्हणाले अर्धा डावच गायब आहे, तर कुठल्यातरी कमेंटचा शेवटचा महिरपी कंस टाईप करायचा राहिला होता आणि पुढच्या सगळ्या चाली कमेंटच्या पोटात गेल्या होत्या. कंस टाकला, डाव परत. आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं यायची तेव्हा सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ ठेव असं सांगितलंत, कारण मूळ फॉरमॅट लॅटिन अक्षरं धरूनच बनलेला. ही एक गोष्ट कळली नसती तर मुलं आजही तोडक्यामोडक्या इंग्लिशमधे "गुड मूव्ह", "बॅड मूव्ह" एवढंच लिहीत बसली असती.

चिन्हांबद्दल मात्र तुमच्याशी थोडं भांडण आहे. चांगल्या चालीला उद्गारचिन्ह, चुकीच्या चालीला प्रश्नचिन्ह ही लहान मुलांना नकोतच असं तुमचं मत, मला ती आवडतात, बेलग्रेडच्या इन्फॉर्मंट या बुद्धिबळाच्या प्रकाशनवाल्यांनी १९६६ पासून ती अशी रुळवली की कुठलीही भाषा न येता कोणीही डाव वाचू शकतं, हे केवढं मोठं काम आहे. पण चिन्ह निकाल सांगतं, कारण सांगत नाही, हे तुमचं म्हणणं मी मान्य केलंय आणि क्लासमधे आता नियम आहे की डबल प्रश्नचिन्ह (घोडचूक) द्यायचं तर बाजूला एक वाक्य हवंच.

त्या वाक्यांमधून काय काय बाहेर येतं! एका मुलीने उंट मागे घेऊन डाव घालवला, इंजिनच्या हिशोबाने साधी चूक, पण तिने खाली लिहिलं होतं "घोडा ई-५ वर आला, तो काय करणार ते बघितलंच नाही, समोरची ताई मोठी होती म्हणून मागे आले". आता हिला मी डावपेचांची कोडी देत बसले असते तर काय उपयोग होता? आम्ही त्याच पोझिशनपासून परत परत खेळलो, उंट पुढेच ठेवून, आणि आता ती रेटिंगवाल्या मोठ्यांसमोर पण हिशोब करून मगच हलते. ऑनलाईन डावांच्या कमेंटमधे घड्याळाची वेळ असते ती कचरा समजून पुसू नका हे तुम्ही सांगितलेलं पण इथेच कामाला आलं, त्या चालीला तिने जेमतेम काही सेकंद घेतले होते.

सगळ्यांच्या घरी चेसबेस घेणं परवडत नाही, म्हणून तुम्ही लिचेस या वेबसाईटवरची स्टडी सुचवलीत, म्हणजे डाव आणि त्याखालच्या कमेंट ठेवायची ऑनलाईन वही. फुकट आहे, पटावर राईट क्लिक करून बाण काढता येतात, मराठी सरळ टाईप होतं आणि एका स्टडीत ६४ चॅप्टर बसतात, म्हणजे एका मुलाचं वर्ष आरामात मावतं.

काका, तुम्ही याचे पैसे घेतले नाहीत, उलट काकूंनी प्रत्येक वेळी जेवूनच पाठवलं, त्यांचेही मनापासून आभार. क्लासची नवीन स्टडी केलीय आणि त्यात तुम्हाला कॉन्ट्रिब्युटर म्हणून ॲड केलंय. तिसऱ्या चॅप्टरमधे दोन मुलं एकाच चालीवरून एकमेकांना कमेंटमधे उत्तरं देतायत, हत्तींची मारामारी करायची की नाही यावर, आणि मला दोघांचं पटतंय. वेळ मिळाला की त्यांच्या खाली तुमचं मत लिहा, ती वाट बघतायत.

तुमची,
मिरजेची विद्यार्थिनी